मागून घेण्याचे ऋतू

डहाणूच्या किनाऱ्यामागील टेकड्यांपासून जव्हार-मोखाड्याच्या पठारापर्यंत, पुढे सुरगाणा, कळवण आणि बागलाणच्या डोंगररांगांतून थेट नंदुरबारच्या सातपुड्यापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, मावची, भिल्ल आणि पावरा या समाजांची वस्ती आहे. भाषा, देवदेवता आणि विधी यांत या समाजांमध्ये बरेच वेगळेपण असले, तरी त्यांच्या वर्षाच्या रचनेत एक सूत्र सर्वत्र आढळते: रानातील किंवा शेतातील नवी वस्तू, मग ती पहिल्या पावसाने उगवलेली भाजी असो वा खळ्यावर आलेला नवा तांदूळ, आधी देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय माणसाने तोंडात घालायची नाही. वस्तू समोर दिसत असते, हात पोहोचत असतो, अनेकदा पोटात भूकही असते, तरीही ठरलेला दिवस येईपर्यंत थांबायचे असते. या थांबण्याभोवतीच येथील सण, गाणी, नाच आणि डोंगरयात्रा गुंफलेल्या आहेत. या समाजांच्या अध्यात्माविषयी जे काही बाहेर बोलले जाते, त्याच्या मुळाशी हे थांबणे आणि मागून घेणे आहे, हे लक्षात घेतल्याखेरीज त्या अध्यात्माचा उलगडा होत नाही.

छापील दिनदर्शिकेवर जगणाऱ्या वाचकाला सण म्हणजे आधीपासून ठरलेली तारीख वाटते. या पट्ट्यातही वाघबारस, मार्गशीर्ष पौर्णिमा, महाशिवरात्र आणि होळी या तिथी पाळल्या जातात, परंतु त्यांच्या बरोबरीने अनेक दिवस असे आहेत की जे पाऊस, पीक आणि गावाची सोय पाहून ठरतात. गावातील जाणती माणसे आणि भगत, म्हणजे देवाचे कामकाज पाहणारा आणि आजारपणात झाडपाला व मंत्र दोन्ही देणारा जाणकार, एकत्र बसून तो दिवस नक्की करतात. पाऊस लांबला तर सणही लांबतो.

ज्येष्ठात पहिले सलग पाऊस पडले की वारली पाड्यांच्या, म्हणजे मूळ गावापासून सुट्या असलेल्या लहान वस्त्यांच्या, आसपासच्या माळांवर आणि जंगलाच्या कडेला कोळी भाजी उगवते. हीच भाजी इतरत्र कुलू किंवा फोडशी या नावांनी ओळखली जाते. पावसाळ्यातील ही अगदी सुरुवातीची रानभाजी असून ती देवापुढे ठेवण्याचा दिवस पाळल्यावरच घरोघर शिजू लागते. या नियमाचे मोल समजण्यासाठी त्या दिवसांतील घरची स्थिती लक्षात घ्यावी लागते. आषाढ-श्रावण हे डोंगराळ भागातील सर्वांत कठीण महिने असतात. कणगीतील, म्हणजे बांबूच्या विणलेल्या कोठारातील, भात आणि नागली तळाला गेलेली असते, नवे पीक दोन-तीन महिने दूर असते आणि लावणीची अंगमोड कामे तर याच काळात करावी लागतात. रानातील भाजी आणि कंद हाच तेव्हा घराचा आधार असतो. भरल्या घराने पाळलेला उपवास आणि रित्या कणगीच्या घराने पहिल्या भाजीसाठी पाळलेला दिवस यांत फार मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरातच या परंपरेची खरी उंची दिसते.

अशा नियमांचा अर्थ लावताना अलीकडे पर्यावरणाची भाषा सर्रास वापरली जाते. कोवळे कोंब काही दिवस न खुडल्याने वनस्पतीला रुजायला अवधी मिळतो, असे स्पष्टीकरण दिले जाते आणि त्यात तथ्य असू शकते. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे या माणसांचे म्हणणे अर्धेच ऐकणे होय. त्यांच्या दृष्टीने भाजी ही निसर्गातील साधनसंपत्ती नसून कोणाचे तरी देणे आहे, आणि देणाऱ्याची आठवण ठेवूनच ते स्वीकारायचे असते; वनस्पतीचे रक्षण हे त्या कृतज्ञतेतून आपोआप घडते. गडचिरोलीच्या भामरागड परिसरातील माडिया गोंड हाच व्यवहार ‘पंडुम’ या सणांच्या मालिकेतून करतात. बी पेरण्याआधी, आंबा खाण्याआधी, नवे धान्य शिजवण्याआधी त्या त्या वस्तूचा पंडुम व्हावा लागतो. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आणि वेगळ्या भाषाकुळातील समाजात तोच नियम आढळावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या वर्षचक्रातील सर्वांत अर्थपूर्ण दिवस दिवाळीच्या तोंडावर येतो. आश्विन वद्य द्वादशीला महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वसुबारस साजरी होते आणि गाय-वासराची पूजा केली जाते. त्याच तिथीला पालघर, नाशिक, अकोले, जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगराळ भागांत वाघबारस असते, आणि त्या दिवशी पूजा होते ती गाईला खाणाऱ्या वाघाची. गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या उताराशी किंवा जंगलात शिरणाऱ्या पायवाटेवर लाकडाच्या फळीवर अथवा दगडावर कोरलेला वाघोबा असतो. त्याच्या वरच्या बाजूस सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, अंगावर शेंदूर माखलेला असतो. कोंबड्याचा किंवा बोकडाचा मान दिला जातो, नारळ फोडला जातो आणि वर्षभर गुरांचे व माणसांचे रक्षण करण्याची विनंती केली जाते. पट्टेरी वाघ आज पालघर-ठाण्याच्या जंगलांतून जवळजवळ नाहीसा झाला असला आणि वावर प्रामुख्याने बिबट्याचा असला, तरी वारली माणूस दोघांनाही वाघच म्हणतो आणि दोघांचा देव एकच मानतो.

अकोले-जुन्नरकडील महादेव कोळी आणि ठाकर गावांत हा दिवस विशेषतः गुराख्यांचा असतो. गावातील दूध गोळा करून रानात, वाघोबाच्या ठाण्याजवळ, खीर शिजवली जाते. गुराखी मुलांपैकी कोणी वाघ होतो, कोणी अस्वल, कोणी कोल्हा. पूजा आटोपल्यावर बाकीची मुले या सोंगांच्या मागे धावत त्यांना शिवाराबाहेर पिटाळतात आणि पुन्हा गुरांच्या वाटेला जाणार नाही असे त्यांच्याकडून वदवून घेतात. वर्षभर एकट्याने रानात गुरे राखणाऱ्या, ऊन-पाऊस आणि जनावराची भीती अंगावर घेणाऱ्या मुलाला त्या दिवशी गावाच्या धर्मव्यवहारात मध्यवर्ती स्थान मिळते. ज्याला धोका सर्वाधिक, त्याच्याच हातून देवाशी बोलणे व्हावे, ही या विधीतील योजना फार समंजस आहे.

वाघोबाविषयी वारल्यांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या कथेचे अनेक पाठ आहेत. त्यांपैकी एका पाठात एका कुमारिकेच्या पोटी जन्मलेले मूल आई कामाला गेली की वाघाचे रूप घेऊन गावातील गुरे मारते. गावकरी त्याला ठार करायला निघतात तेव्हा आई मध्ये पडते आणि दोन्ही बाजूंमध्ये करार घडवते. वाघाने जंगलात राहावे आणि गावाला सांभाळावे, गावाने वर्षातून एकदा त्याचा मान द्यावा, असा तो करार. या कथेत वाघ परका नाही, तो गावातीलच एका बाईचा मुलगा आहे. तो निरुपद्रवीही नाही, आणि त्याच्याशी असलेले नाते प्रेमापेक्षा शब्द पाळण्यावर उभे आहे. शहरातील वन्यप्राणिप्रेमात क्वचितच आढळणारा हा रोखठोक सच्चेपणा आहे.

या श्रद्धेचा पद्धतशीर अभ्यास अलीकडे झाला आहे. वन्यजीव अभ्यासकांच्या एका गटाने मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची सुमारे १५० ठाणी नोंदवून २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या कुशीत असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या पाड्यांतही वाघोबाची ठाणी आहेत, म्हणजे देशातील एका अत्यंत दाट वस्तीच्या महानगराच्या हद्दीत हा करार अजून पाळला जातो. त्याआधी २०१३ साली वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतीच्या खोऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे आढळले, आणि तरीही माणसावरील हल्ल्याच्या घटना विरळच होत्या. श्रद्धा असली म्हणजे हल्ले होत नाहीत असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही; जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याने घेतलेले बळी ताजे आहेत आणि ज्या घरातील मूल गेले त्या घरापुढे सहजीवनाची प्रवचने करणे निष्ठुरपणाचे ठरेल. तरीही शेजारी बिबट्या आहे हे गृहीत धरून घर, गोठा, वाट आणि वेळ यांची आखणी करणारा समाज आणि बिबट्या दिसताच तो उचलून नेण्याची मागणी करणारा समाज यांच्या अनुभवात फरक पडतो, आणि पहिल्याकडून दुसऱ्याने शिकावे असे त्यात पुष्कळ आहे.

वाघबारशीच्या सुमारास हळव्या भाताची, म्हणजे लवकर पिकणाऱ्या वाणांची, कापणी झालेली असते. नवा तांदूळ, चवळी, करांदे आणि काकडी यांचा नैवेद्य होतो. काकडीचा कीस घातलेले तांदळाचे पीठ चाईच्या रानवेलीच्या पानात गुंडाळून उकडले जाते. भात पिकू लागते तेव्हापासून तारप्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. तारपा हे वाळवलेला दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्या मेणाने जोडून केलेले, टोकाशी ताडाच्या पानांचा कर्णा असलेले फुंकून वाजवायचे वाद्य आहे. वादक मध्ये उभा राहतो, स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात, आणि नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही असा दंडक पाळला जातो. पुढे खळ्यावर मळणी झाली की धान्याची रास पूजल्याशिवाय मोजली जात नाही. ही पूजा कणसरीची असते. कणसरी म्हणजे वारली आणि कोकणा समाजांची धान्यमाता. तिच्या जागरणात घांगळी नावाचे, बांबूच्या दांड्याला दोन भोपळे जोडून केलेले तंतुवाद्य वाजते आणि तिची दीर्घ कथा गाऊन सांगितली जाते. लिपी नसलेल्या बोलीतील हे कथन रात्रभर चालते. जो गातो त्याच्या स्मरणाखेरीज त्याची दुसरी प्रत नसते.

या सगळ्याचे वर्णन करताना एका इतिहासाकडे डोळेझाक केली तर ते वर्णन अप्रामाणिक ठरेल. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा वारली समाजाच्या चालीरीतींची सविस्तर नोंद करणारा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २३ मे रोजी झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या काळी लग्नगडी नावाची पद्धत होती: लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या रकमेच्या बदल्यात नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे. वारली लग्नात घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट ही सुफलतेची देवी विराजमान असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी व लग्नाची गाणी गाणारी स्त्री, विधी पार पाडते. आज जगभर वाखाणला जाणारा हा चौक त्या काळी ज्या भिंतींवर लिहिला जात होता, त्यांतील अनेक घरांत लग्नाच्या दिवशीच गुलामगिरीही शिरत होती. आदिवासी जीवन म्हणजे निसर्गाच्या कुशीतील समाधान, हे चित्र बाहेरच्यांनी आपल्या सोयीसाठी रंगवलेले आहे. प्रत्यक्षात ही परंपरा उपासमार, कर्ज आणि अपमान यांच्यामधून तगून आली आहे, आणि त्यामुळे तिच्याविषयीचा आदर वाढायला हवा.

मार्गशीर्षात या पट्ट्याचे केंद्र उत्तरेकडे, साल्हेर-मुल्हेरच्या परिसरात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरकते. सुरगाणा, कळवण, बागलाण, साक्री, नवापूर आणि गुजरातमधील डांग या भागांत कोकणा, भिल्ल आणि मावची समाज डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. हा उत्सव म्हणजे एका अर्थाने पायी केलेला दीर्घ प्रवास असतो. कोणाचा तरी नवस असतो किंवा गावाने मिळून ठरवलेले असते. त्यानुसार काही दिवस आधी गावाच्या अंगणात देवाची स्थापना होते आणि व्रत घेणारे पुरुष ‘माऊली’ या नावाने ओळखले जाऊ लागतात. व्रत संपेपर्यंत माऊलीने घरात झोपायचे नाही, पायात वहाण घालायची नाही, थंड पाण्याने आंघोळ करायची, एक वेळ जेवायचे आणि बोलण्यात-वागण्यात शुचिता पाळायची असते. थंडीच्या दिवसांत उघड्यावर, जमिनीवर झोपून हे सर्व पाळणे सोपे नसते, आणि व्रत घेणाऱ्यांत शाळा-महाविद्यालयांत शिकलेले तरुणही असतात.

माऊल्यांचा जथा गावोगाव फिरतो. पावरी हे भोपळा, बांबू आणि शिंग यांपासून केलेले वाद्य वाजवणारा पावरकर मध्ये असतो, घुंगरे बांधलेल्या काठीच्या ठेक्यावर माऊल्या त्याच्याभोवती गोलाकार नाचतात आणि ज्या अंगणात नाच होतो तेथील घर धान्य देते. भगत कथा लावतो, आणि त्या कथेत परिसरातील डोंगर, नद्या, झाडे, धान्ये आणि देव यांची नावे एकामागून एक घेतली जातात. मुलूख पाठ करण्याची ही पद्धत आहे. ज्या तरुणाने काही वर्षे या जथ्यातून पावले टाकली, त्याला आपल्या भोवतालचा प्रत्येक डोंगर नावाने, कथेने आणि पायाखालच्या वाटेने माहीत होतो. भूगोल आणि भक्ती यांचे शिक्षण येथे एकाच वेळी होते.

पौर्णिमेच्या आदल्या रात्री जथे आपापल्या गडाच्या, म्हणजे देवाचे स्थान मानलेल्या डोंगराच्या, पायथ्याशी पोहोचतात. या जागेला रानखळी म्हणतात. डोंगरातील कपारीत किंवा गुहेत देवाचा वास मानला जातो. भगत तेथे दिवा लावून नागली, तांदूळ आणि इतर धान्ये वाहतो आणि खाली रात्रभर पावरी वाजत राहते. पहाटे देवाचा कौल मिळाला असे मानून जथे परततात, गावी मान दिला जातो आणि सर्वांचे एकत्र जेवण होऊन व्रत सुटते. या सबंध विधीत देऊळ नाही, मूर्ती असलीच तर दगडाची, आणि ग्रंथ नाही. डोंगर स्वतःच देव आहे आणि त्याच्यापर्यंत चालत जाणे ही पूजा आहे. वारकरी परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला पायी वारीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही, पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पंढरीचा वाटसरू आपला गाव सोडून दूरच्या देवाकडे जातो. डोंगऱ्यादेवाची माऊली आपल्याच मुलखाची फेरी घालते आणि शेवटी आपल्याच डोंगरापुढे उभी राहते.

याच महिन्यांत दुसरा, सक्तीचा प्रवासही सुरू झालेला असतो. भाताची कामे आटोपली की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि नंदुरबारची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात. पूर्वी मार्गशीर्ष ते फाल्गुन हा मोकळा काळ सण-उत्सवांचा होता. आज तोच स्थलांतराचा हंगाम आहे. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, घेतलेली उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, त्यामुळे अनेक पाड्यांत या महिन्यांत म्हातारी माणसेच मागे राहतात. परंपरा का विरळ होत आहे याचे उत्तर शिक्षणात किंवा मोबाईलमध्ये शोधण्याआधी या उचलीत शोधले पाहिजे. होळीला मात्र सातपुड्यातील माणूस काहीही करून परततो.

त्या होळीच्या आधी महाशिवरात्रीला सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि मावची कुटुंबे देवमोगऱ्याला जातात. हे स्थान गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, सागबारा तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे आणि तेथे याहा मोगी या देवीची यात्रा भरते. याहा म्हणजे आई. घोर दुष्काळात तिने आपल्या कोठारातील धान्य देऊन माणसे आणि गुरे जगवली, अशी तिची कथा आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतून येणारे लोक बांबूच्या टोपलीत नवे धान्य आणि मोहाची दारू घेऊन चालत येतात आणि ती टोपली तिच्यापुढे ठेवतात. महाराष्ट्र-गुजरातची सीमा १९६० साली आखली गेली, त्याआधीपासूनचा हा मुलूख त्या दिवशी पुन्हा एक होतो.

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातील काठी या पूर्वीच्या संस्थानाच्या गावची राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध आहे; तिची परंपरा इसवी सन १२४६ पासूनची सांगितली जाते. होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार गुलाल, हार-कंगन, डाळ्या-गूळ आणि ढोलांनी गजबजतात. होळीचा दांडा म्हणून दूरच्या जंगलातून सुमारे ७० फूट उंचीचा सरळ बांबू वाजतगाजत आणला जातो, त्यासाठीचा खड्डा अवजाराशिवाय, हातांनी उकरला जातो आणि रात्रभराच्या नाचानंतर बांबू उभा करून पहाटे होळी पेटवली जाते. नवस असलेले पुरुष अंगावर राखेची आणि तांदळाच्या पिठाची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप आणि कमरेला घुंगरे व वाळलेले भोपळे बांधून बुध्या होतात. हा पोशाख घालण्याआधी त्यांनी काही दिवस पाळणूक केलेली असते. खाटेवर बसायचे नाही, अनवाणी राहायचे, ब्रह्मचर्य पाळायचे, अशी बंधने त्यात असतात. छायाचित्रांत दिसतो तो टोप. त्यामागची पाळणूक दिसत नाही. सातपुड्यातील गावे आपापल्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी ठेवतात, जेणेकरून प्रत्येकाला दुसऱ्याच्या होळीला जाता यावे. उत्सवाचे वेळापत्रक शेजाऱ्याच्या सोयीने ठरवणारी ही रीत सगळ्या महाराष्ट्राने उचलावी इतकी सुंदर आहे.

एवढ्या नेमकेपणाने जागेशी बांधलेला धर्म जागा गेल्यावर कसा टिकणार, हा प्रश्न या मुलखाने प्रत्यक्ष भोगला आहे. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. पुनर्वसनात शेतजमीन आणि घराचा प्लॉट यांचा हिशेब होतो. शिवेवरचा वाघदेव, पूर्वजांचे दगड, ज्या उतारावर पहिली भाजी उगवते तो उतार आणि ज्या वळणावर देवाला थांबून हात जोडायचे ते वळण यांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात नसते. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले, त्याच्या जागी दुसरे बांधता आले. डोंगराची कपार किंवा नदीचा उतार यांना पर्यायी जागा देता येत नाही.

कायद्याला हे अलीकडे थोडेफार उमगले आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा समाजाच्या प्रथा, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे सांगतो, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्कांबरोबरच सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेकडे दिली. त्याचा सर्वांत ठळक उपयोग ओडिशातील नियमगिरीत झाला. तेथील डोंगरिया कोंध ज्या डोंगराला नियमराजाचे स्थान मानतात, तेथे बॉक्साईटची खाण प्रस्तावित होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात धार्मिक हक्कांवरील परिणामाचा विचार ग्रामसभांनी करावा असा आदेश दिला आणि १२ पैकी १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. डोंगर हा देव आहे हे म्हणणे देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे विचारार्ह ठरले, ही घटना डोंगऱ्यादेवाच्या मुलखासाठीही महत्त्वाची आहे. आपल्याकडील किती ग्रामसभांनी आपल्या रानखळीची, वाघोबाच्या ठाण्याची आणि देवराईची नोंद सामूहिक वनहक्काच्या दाव्यात केली, यावर पुढील पिढीचे बरेच काही अवलंबून राहील.

राहतो प्रश्न बाहेरून येणाऱ्या प्रवाशाचा. वारली चित्रकला १९७० च्या दशकात भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर कलावंताने तिला जगापुढे नेले आणि २०११ साली पद्मश्रीचा मान मिळवला. त्यातून अनेक घरांना रोजगार मिळाला आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणत्याही शहरी रसिकाला नाही. विकायचे काय आणि कोणाला, हे त्या समाजाने ठरवायचे आहे. पण लग्नाचा चौक सवाशिणींच्या हातून लग्नातच लिहिला जातो, तारपा पिकाच्या दिवसांत वाजतो आणि बुध्या पाळणूक करूनच टोप घालतो; पर्यटक निवासाच्या हिरवळीवर मे महिन्यात पैसे देऊन मागवलेला तारपा नाच या व्यवस्थेतील कालाचे भान पुसून टाकतो. पहिल्या भाजीसाठी दिवस पाहणाऱ्या माणसाकडे वाटेल तेव्हा नाचण्याची मागणी करणे, ही त्याच्या धर्माची उघड अवहेलना आहे.

म्हणून ज्या वाचकाला यंदाच्या वाघबारशीला, मार्गशीर्षातील गडावर किंवा काठीच्या होळीला जाण्याची ओढ वाटत असेल, त्याने त्या गावच्या माणसाशी आधी बोलावे, तारीख त्यांच्याकडून घ्यावी, आपल्या सुट्टीप्रमाणे ती बदलून मागू नये. माऊली आणि बुध्या यांना छायाचित्रासाठी थांबवू नये, देवस्थानाच्या आवारात चपला काढाव्यात, कपारीत दिव्याखेरीज दुसरा उजेड नेऊ नये आणि गावाने काही पाहू नका म्हटले तर कारण विचारत न बसता मागे फिरावे. जेवायला बसवले तर जे वाढले असेल ते खावे. आणि परत आल्यावर, त्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा तालुक्याच्या कचेरीत किती वर्षे पडून आहे, याची चौकशी करावी.